उताऱ्याची कसोटी

विषाला उतारा असतोच, अशी आपल्या समाजाची जुनी श्रद्धा आहे. मुंगूस सापाशी झुंजता झुंजता मधूनच झुडपात शिरते, एक मुळी खाते आणि ताजेतवाने होऊन पुन्हा लढू लागते, ही कथा ज्याने ऐकली नाही असा श्रोता या सभेत बहुधा नसेल. कावीळ झाली की गळ्यात मुळ्यांची माळ घालणारे, नाकात रस पिळणारे, अमुक वारी उपाशीपोटी येऊन पाला घेऊन जा म्हणणारे जाणकारही आपल्याकडे गावोगाव आहेत. रोगी त्यांच्याकडे जातो आणि पुष्कळदा बराही होतो. मग ही विद्या खोटी कशी म्हणावी? आणि खरी म्हणावयाची, तर कशाच्या आधारावर?

वनस्पतीत विषाचा उतारा आहे की नाही हे ठरविण्याची रीत मनुष्याने कशी शोधून काढली, त्या रीतीने हाती काय लागले आणि ती रीत कोठे थांबते, याचा इतिहास आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय प्रयोगशाळेचा दिसला, तरी तो आपल्या घरातल्या औषधाच्या कपाटापर्यंत येऊन पोचणारा आहे.

विषाची परीक्षा प्राण्यांकडून करून घेण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे एक अंग केवळ विषांसाठी राखलेले आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात राजाच्या अन्नात विष आहे की नाही हे ओळखण्याच्या खुणा दिल्या आहेत. विषारी अन्नाचा बळी खाऊन माश्या व कावळे मरतात, चकोराच्या डोळ्यांची लाली जाते, कोकिळेचा स्वर बिघडतो, असे तेथे म्हटले आहे. यांतली प्रत्येक खूण आज खरी ठरेल असे नव्हे. पण माणसाच्या जिवावर बेतण्यापूर्वी प्राण्याची साक्ष काढावी, हा विचार त्यात स्पष्ट आहे. ही साक्ष मात्र विषाबद्दलची होती. उताऱ्याबद्दल प्राण्याची साक्ष काढण्याची पद्धत पुष्कळ नंतरची.

तिचा एक मोठा आरंभ इटलीत झाला. फेलिचे फोंताना याने व्हायपर जातीच्या सापाच्या विषावर हजारो प्रयोग केले आणि १७८१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने एक साधी पण महत्त्वाची गोष्ट हेरली. विष किती गेले आणि प्राणी केवढा आहे, यांवर मरण अवलंबून असते. युरोपातल्या त्या सापाचा एकच दंश धडधाकट माणसाला सहसा मारीत नाही. म्हणजे ज्याला कोणतेही औषध दिले नाही तोही बहुधा वाचावयाचाच! मग त्या वेळी जे काही चाटविले, लावले किंवा बांधले असेल, त्याच्या पदरात यश पडते. आपल्या शास्त्रकारांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे ठरत नाही. काविळीचेही तसेच आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरते. माळ वाळून लांबत जाते आणि कावीळ उतरत जाते, पण दोन्ही आपापल्या कारणांनी.

यावर उपाय काय? एकाच जातीचे, साधारण एकाच वजनाचे प्राणी घ्यावयाचे. त्यांचे दोन गट करावयाचे. ज्या मात्रेने नक्की मरण येते किंवा नक्की इजा होते, ती विषाची मात्रा आधी ठरवून दोन्ही गटांस सारखीच द्यावयाची. औषध मात्र एकाच गटास द्यावयाचे. ज्यास औषध मिळाले नाही तो गट हा या परीक्षेचा कणा होय. तो नसेल, तर बरे होण्याचे श्रेय कोणासही घेता येते.

हिंदुस्थानात ही कसोटी प्रथम मोठ्या प्रमाणावर लागली ती सर्पविषाच्या उताऱ्यांना. कलकत्त्यास जोसेफ फेअरर या वैद्याने केलेल्या प्रयोगांचा भला मोठा ग्रंथ १८७२ साली निघाला. त्या वेळी नावाजलेले अनेक उतारे त्याने प्राण्यांवर पडताळून पाहिले, पण नागाच्या पुऱ्या दंशापुढे टिकणारा एकही सापडला नाही. तरीही देशभरच्या वैदूंकडे आणि जुन्या पोथ्यांत शेकडो वनस्पतींची नावे शिल्लक होती. कोणीतरी त्या सर्व एकीकडून तपासावयास हव्या होत्या. ते काम मुंबईत झाले.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे नाव आपणांस परिचित आहे. प्लेगच्या लसीसाठी निघालेली ही प्रयोगशाळा १९२५ पासून या नावाने ओळखली जाते. तेथे दोन माणसे एकत्र आली. एक डॉ. के. एस. म्हसकर आणि दुसरे फादर कायस हे येशूसंघीय पाद्री. या जोडीने मद्रास इलाख्यात अंकुशकृमीवरील औषधांचा अभ्यास पूर्वीच केला होता. आता त्यांनी सर्पदंशावरील देशी वनस्पती हाती घेतल्या. त्यांचा अहवाल १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३१४ वनस्पती आणि वनस्पतींची १८४ मिश्रणे तपासल्याची नोंद आहे. निष्कर्ष एका वाक्यात सांगता येतो. आधी देऊन विषास अडवील, नंतर देऊन विष उतरवील किंवा लक्षणे आवरील अशी एकही निघाली नाही.

श्रोतेहो, या निष्कर्षाकडे आपण जरा थांबून पाहावे अशी आमची विनंती आहे. हे दोघे देशी औषधींचे वैरी असते, तर त्यांच्या निकालाला कोणी पूर्वग्रह म्हटले असते. वस्तुस्थिती अगदी उलट आहे. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर बसू यांचा भारतीय औषधी वनस्पतींवरील प्रचंड ग्रंथ १९१८ साली निघाला होता. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १९३३ ते १९३५ च्या सुमारास निघाली, आणि ती सिद्ध करणाऱ्यांत फादर ब्लाटर यांच्या बरोबरीने कायस आणि म्हसकर हेच होते. म्हणजे ज्यांनी ३१४ वनस्पती नापास केल्या, त्यांनीच वनस्पतींच्या गुणांचा सर्वांत मोठा कोश आपल्या हातांनी वाढविला. तो ग्रंथ उघडून पाहावा. एखाद्या झाडाच्या नोंदीत अमुक प्रांतात ते सर्पदंशावर वापरतात असे लिहिलेले असते, आणि त्याच नोंदीच्या शेवटी, सर्पविषावर त्याचा उपयोग होत नाही, म्हसकर आणि कायस, असे शांतपणे नमूद केलेले असते. लोकांची समजूतही नोंदविली आहे आणि तिची परीक्षाही. आमच्या मते आपल्या वैद्यकाच्या इतिहासातील हे मोठ्या सचोटीचे पान आहे.

मुंगसाचे कोडेही पुढे सुटले. १९९२ साली इस्रायलमधील संशोधकांनी दाखविले की, स्नायूंच्या ज्या जागी नागाचे विष चिकटते, ती जागाच मुंगसाच्या शरीरात थोडी निराळी घडलेली असते. त्यामुळे विषाची पकड तेथे नीट बसत नाही. मुळी खाण्याचे त्याला कारणच नाही! मुंगसाच्या चपळाईला आणि या जन्मजात घडणीला मिळालेले यश आपण झुडपाला देत आलो.

सापाचे विष क्वचित कोणाच्या वाट्याला येते. पण आपल्या शरीरात असा एक अवयव आहे की, ज्याच्यावर विषाची धाड रोज पडत असते. तो म्हणजे यकृत. आतड्यांतून शोषलेला जवळजवळ सगळा माल आधी यकृताच्या नाक्यावरून जातो. दारू, औषधे, रंग, बुरशीची विषे, सर्वांची झडती तेथे होते. म्हणून वनस्पतींच्या परीक्षेचा पुढचा अध्याय यकृताभोवती लिहिला गेला, आणि तो लिहिण्यास कारण झाले एक औषधच.

१९२१ साली अमेरिकेच्या कृषिखात्यातील मॉरिस हॉल या कृमिशास्त्रज्ञाने कुत्र्यांवर प्रयोग करून कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रव्य अंकुशकृमी पाडण्यास उत्तम असल्याचे जाहीर केले. हे द्रव्य कपड्यांचे डाग काढण्यास आणि आग विझविण्यासही वापरीत. औषध स्वस्त, एका घोटात काम करणारे. अनेक देशांत ते लाखो लोकांना पाजण्यात आले. पण काही रोगी, विशेषतः दारूची सवय असलेले, त्यामुळे दगावू लागले. त्यांची यकृते जळाल्यासारखी झाली होती. औषध म्हणून हे द्रव्य मागे पडले, पण प्रयोगशाळेने ते उचलले. कारण यकृताला हवी तेवढी इजा हवी तेव्हा करण्याचे साधन तिला मिळाले होते. १९३६ साली लंडनमध्ये कॅमेरॉन आणि सिंहली वैद्य करुणारत्ने यांनी या द्रव्याने उंदरांच्या यकृतात घट्टे कसे पडतात आणि यकृत स्वतःला पुन्हा कसे घडविते, याचा नमुनेदार अभ्यास प्रसिद्ध केला.

इजा मोजावयाची कशी, हा प्रश्न उरला होता. यकृताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येई, पण त्यासाठी प्राणी मारावा लागे. दुसरी एक युक्ती मोठी गमतीची होती. उंदराला झोपेचे औषध द्यावयाचे आणि तो किती वेळ झोपतो हे घड्याळ लावून पाहावयाचे. झोपेचे औषध यकृतच निकालात काढते. यकृत दुखावले असेल तर झोप लांबते, आणि वनस्पतीने यकृताचे रक्षण केले असेल तर झोप पुन्हा आखूड होते. १९५५ च्या सुमारास रक्तातील विशिष्ट किण्वके मोजण्याची सोपी रीत निघाली. यकृतातील पेशी फुटली की ही किण्वके रक्तात सांडतात. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर एस.जी.पी.टी. हे नाव आपण वाचतो, ते याच कुळातले. मोजमाप सोपे झाले आणि जगभर वनस्पतींच्या परीक्षांचा धडाका सुरू झाला.

त्यांत प्रथम नाव कमावले ते युरोपातील एका काटेरी झाडाने. पांढऱ्या रेषांच्या पानांचे हे झाड ग्रीक व रोमन लेखकांना माहीत होते. एकोणिसाव्या शतकात राडेमाखर नावाचा जर्मन वैद्य त्याच्या बियांचा अर्क यकृताच्या रोगांत देत असे. १९६८ च्या सुमारास म्यूनिकमध्ये वाग्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्या बियांतील गुणकारी अंश वेगळा काढला, तोच सिलिमारिन. त्याची गाठ पुढे एका भयंकर विषाशी घालून देण्यात आली. युरोपात अमानिता नावाची एक अळंबी आहे. तिच्या विषाने यकृताच्या पेशींचे मूळ कामकाजच बंद पडते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्यांना ही अळंबी खाऊ घालण्यात आली. औषध न मिळालेल्या १२ पैकी ४ मेले. विष पोटात गेल्यावर पाच तासांनी आणि पुन्हा चोवीस तासांनी सिलिमारिनमधील मुख्य द्रव्य ज्यांना टोचले, त्या ११ पैकी एकही मेला नाही. हे द्रव्य विषाला यकृताच्या पेशीत शिरण्याचा दरवाजाच अडवून धरते, असे पुढे दिसून आले. अळंबीच्या विषबाधेत युरोपातील डॉक्टर ते आजही शिरेतून देतात.

येथपर्यंतची कथा विजयाची. पण हेच औषध इतर यकृतरोगांत दिले तेव्हा काय झाले? व्हिएन्नाच्या १७० रुग्णांच्या अभ्यासात, १९८९ साली, घट्टे पडलेल्या यकृताचे रोगी चार वर्षांनी औषधाच्या गटात शेकडा ५८ आणि दुसऱ्या गटात शेकडा ३९ जिवंत होते. १९९८ साली स्पेनमधील २०० मद्यपी रुग्णांच्या अभ्यासात मात्र असा कोणताही फरक आढळला नाही. २०१२ साली अमेरिकेत हेपटायटिस सी च्या १५४ रुग्णांना ते चोवीस आठवडे भरपूर मात्रेत दिले. यकृतातून सांडणारी किण्वके रिकाम्या गोळीपेक्षा अधिक कमी झाली नाहीत. औषध तेच होते, पण यकृताला होणारी इजा दर वेळी वेगळी होती. ज्या विषाचा दरवाजा ते अडवू शकत होते, तेथे त्याने काम केले.

आता या परीक्षेतील खरी मेख सांगितली पाहिजे. १९६० नंतरच्या काळात स्लेटर आणि रेकनागेल यांच्यासारख्या संशोधकांनी दाखविले की, कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः फारसे विषारी नाही. यकृतच त्याची मोडतोड करताना त्यातून एक अत्यंत दाहक तुकडा निर्माण करते आणि तो तुकडा पेशींच्या चरबीला आग लावतो. दारूने हे मोडतोडीचे काम वाढते, म्हणूनच दारूबाज रोगी अधिक दगावले होते. आता विचार करा. एखाद्या पाल्याचा रस उंदराला आठवडाभर पाजला आणि मग हे विष दिले. त्या रसाने यकृताची ती मोडतोडीची यंत्रणाच मंद केली, तर विष तयारच होणार नाही आणि उंदीर वाचेल. कागदावर लिहिले जाईल की, ही वनस्पती यकृताचे रक्षण करते. पण काविळीच्या रोग्याच्या यकृतात हे विष नसतेच. तेथे विषाणू असतो. मग त्या रसाचा त्याला काय उपयोग? शिवाय उंदराला रस विषाच्या आधी मिळाला होता. माणूस औषधाकडे वळतो तो इजा झाल्यावर.

ही रीत नीट वापरली तर जीव वाचतात, याचे उदाहरण पॅरासिटामॉलचे आहे. या गोळ्या फार घेतल्याने यकृत निकामी होते, हे १९६६ साली प्रथम नोंदले गेले. १९७३ साली अमेरिकेत उंदरांवरील प्रयोगांतून कळले की, यकृतातील ग्लुटाथायोन नावाचा संरक्षक साठा संपला की इजा सुरू होते. मग तो साठा भरून काढणारे औषध शोधणे सोपे झाले. ॲसिटिलसिस्टीन हे औषध गोळ्या घेतल्यापासून आठ तासांच्या आत दिले, तर रोगी बहुधा वाचतो. ते वनस्पतीतून आलेले नाही, पण उताऱ्याची वाट कशी शोधावी याचा ते धडा आहे. विष कसे मारते हे आधी समजून घेतले गेले आणि उतारा त्यामागून आला.

आपल्याकडे या वाटेने पुढे गेलेली वनस्पती म्हणजे कुटकी. हिमालयाच्या उंच उतारांवर उगवणाऱ्या या झुडपाचे कडू मूळ आपले वैद्य यकृताच्या रोगांत शतकानुशतके वापरीत आले आहेत. आरोग्यवर्धिनी या प्रसिद्ध कल्पात कुटकीचाच भाग सर्वांत मोठा. लखनौच्या सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये कुटकीतील गुणकारी अंश वेगळा काढून तो अनेक निरनिराळ्या विषांपुढे प्राण्यांवर पारखला गेला. मुंबईच्या संशोधकांनी आणखी एक पाऊल टाकले. १९८० साली त्यांनी काविळीच्या रुग्णांत आरोग्यवर्धिनीची परीक्षा घेतली, तीही अशा रीतीने की, कोणाला औषध आणि कोणाला रिकामी गोळी मिळते हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. १९९६ साली कुटकीच्या चूर्णाचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तातील पित्तरंग ठराविक पातळीपर्यंत उतरावयास रिकाम्या गोळीच्या गटात सरासरी ७५.९ दिवस लागले, तर कुटकीच्या गटात २७.४४. आकडे मोठे आशादायक आहेत. पण एका गटात १५ आणि दुसऱ्यात १८ एवढेच रुग्ण होते, हेही त्याच निबंधात लिहिले आहे. इतक्या थोड्या लोकांवरून देशाचे औषध ठरवता येत नाही. तो अभ्यास मोठ्या संख्येवर करण्याचे निमंत्रण आहे, असे आम्ही समजतो.

आता शेवटचे आणि सर्वांत निकडीचे उदाहरण. गुळवेल आपल्या परिचयाची. तिचा अर्क दिलेल्या उंदरांची यकृते कार्बन टेट्राक्लोराइडपासून बचावतात, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. करोनाच्या साथीत, २०२० साली, घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. त्या वर्षीच्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील डॉक्टरांना यकृतदाहाचे सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. हा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध होताच आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की, ती वनस्पती खरोखर गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलेले नाही. हरकत शास्त्रीय होती. पण २०२२ मध्ये देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि तीत वनस्पतीची ओळखही पटविण्यात आली होती. शरीराची संरक्षक शक्तीच यकृतावर उलटण्याचा हा प्रकार काही थोड्या लोकांतच घडतो. पण ज्याच्या बाबतीत घडतो, त्याला उंदराच्या यकृताचा दाखला काय कामाचा?

प्रयोगात मरणाऱ्या प्राण्यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. १९६० साली आपल्या देशात प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यातच करण्यात आली. तरीही त्याच त्या विषाने, त्याच त्या रीतीने, कोठेही न पोचणारे प्रयोग होतच राहतात. ज्या प्रयोगातून नवे काही कळणार नाही, त्यात एकही उंदीर खर्ची पडू नये, असे आम्हांस वाटते.

मग आपण नागरिकांनी काय करावे? एखाद्या बाटलीवर ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे छापलेले दिसले, तर चार प्रश्न विचारावेत. औषध विषाच्या आधी दिले होते की नंतर? प्राण्याला झालेली इजा माझ्या रोगासारखीच आहे काय? बाटलीतील वनस्पती प्रयोगातील वनस्पतीच आहे काय आणि मात्रा किती? आणि माणसांवर, औषध न मिळालेल्या गटासह, परीक्षा झाली आहे काय? आणि साप चावला तर यांपैकी एकही प्रश्न विचारीत न बसता तडक रुग्णालय गाठावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारी प्रतिविषाची लस आपल्या देशात मिळते. ती जितक्या लवकर मिळेल तितके बरे. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ लागल्यावर गेलेला वेळ परत येत नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा एका मोठ्या पाहणीचा अंदाज आहे. त्यांतली कितीतरी रुग्णालयाऐवजी मांत्रिकाच्या ओट्यावर गेली असतील.

कीर्तिकरांच्या त्या ग्रंथाची पाने आजही चाळता येतात. वनस्पतीचे चित्र, तिची नावे, तिचे सांगितले गेलेले गुण, आणि शेवटी परीक्षेचा निकाल, अशी त्याची मांडणी आहे. सांगितले गेलेले गुण गाळून टाकण्याचा उतावीळपणा त्या संपादकांनी केला नाही आणि निकाल लपविण्याचा भ्याडपणाही केला नाही. आपल्या परसातल्या प्रत्येक औषधीची नोंद अशी दोन्ही बाजूंनी पुरी व्हावी, एवढेच मागणे आपल्यापुढे ठेवून आम्ही हे व्याख्यान संपवितो.